नवी बॅटरी मागवण्याआधी एकदा विमानापाशी जाऊन या

(बराच काळ उभ्या असलेल्या छोट्या विमानांचे मालक, फ्लाइंग क्लब आणि एएमई, म्हणजे विमानाची देखभाल करून सही देणाऱ्या इंजिनिअर मंडळींसाठी)

पावसाळा ओसरला की आमचा फोन वाजायला लागतो. "जूनपासून विमान हँगरमध्ये आहे. मास्टर (मुख्य स्विच) ऑन केला तर साधा टक् आवाजही येत नाही. सेस्ना १७२ आहे, बॅटरी पाठवून द्या." कोणती पाठवू विचारलं की उत्तर येतं, "अहो, १७२ ची."

सगळा घोळ इथेच होतो, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो. १७२ ची म्हणून एकच अशी बॅटरी नाही. १९७७ पर्यंतच्या १७२ ला १२ व्होल्टची बॅटरी लागते, १९७८ च्या मॉडेलपासून २४ व्होल्टची. १७२एन हे मॉडेल तर या दोन्ही बाजूंना येतं. नाव तेच, रूप तेच, बॅटरी मात्र वेगळी. व्होल्टेज जुळलं तरी काम संपत नाही. विमानातल्या बॅटरीच्या बॉक्सचं माप, पॉझिटिव्ह टर्मिनल डावीकडे की उजवीकडे, केबल तिथपर्यंत पोचते का, हे सगळं पाहावं लागतं. आधीच्या मालकाने मान्यता घेऊन दुसऱ्या प्रकारची बॅटरी बसवलेली असेल, तर त्याची नोंद लॉगबुकात सापडते.

गेल्या वर्षी एका ग्राहकाने फोनवर ठामपणे २४ व्होल्ट सांगितलं. विमान निघालं १९७६ चं. तोवर बॅटरीत ॲसिड भरून झालं होतं, आणि ॲसिड भरलेली बॅटरी आम्ही परत घेत नाही. त्यांचे पैसे अडकले, विमान आणखी तीन आठवडे उभं राहिलं. तेव्हापासून डेटा प्लेटचा (विमानावरच्या मॉडेल आणि सिरियल नंबरच्या पट्टीचा) फोटो आल्याशिवाय आम्ही ऑर्डर लिहीत नाही. काहींना ही अडवणूक वाटते. पण फोटो काढायला दहा मिनिटं लागतात आणि त्यातून तीन आठवडे वाचतात.

जुन्या बॅटरीवरच्या लेबलवर एकट्यावर विसंबू नका. तीही कोणीतरी चुकीची बसवलेली असू शकते. विमानाचा सिरियल नंबर, पार्ट्स कॅटलॉग आणि लॉगबुकातली नोंद काय म्हणते ते खरं.

आता दुसरा प्रश्न: नवी बॅटरी लागेलच का? मास्टर ऑन केला की बॅटरी विमानाला जोडणारा मास्टर रिले बॅटरीच्याच करंटवर ओढला जातो, आणि टक् आवाज त्याचाच. त्यामुळे टक् आवाज आला नाही, तर फार तर बॅटरी उतरली असावी एवढंच कळतं. ती मेली आहे असं नाही. काही जुन्या सेस्नांमध्ये घड्याळाची तार मास्टरला वळसा घालून थेट बॅटरीवर असते. मास्टर बंद असला तरी ते घड्याळ चार महिने थोडं थोडं पीत राहतं. शिवाय बॅटरी स्वतःहूनही उतरते, आणि पत्र्याच्या तापलेल्या हँगरमध्ये लवकर उतरते. उतरलेल्या अवस्थेत ती पडून राहिली की प्लेटवर सल्फेट घट्ट बसतं. मग चार्जर लावल्यावर १२ व्होल्टच्या बॅटरीवर मीटर १२.८ दाखवतो, आणि स्टार्टर फिरवला की आकडा धाडकन खाली येतो.

म्हणून आमचा आग्रह कपॅसिटी टेस्टचा. आधी पूर्ण चार्ज, मग एक तासाच्या रेटने, म्हणजे चांगली बॅटरी साधारण तासाभरात उतरेल एवढ्या करंटने, डिस्चार्ज. १२ व्होल्टची बॅटरी १० वर आणि २४ ची २० वर यायला किती मिनिटं लागली ते मोजायचं, आणि बॅटरीच्या मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून पाहायचं. अल्टरनेटर (इंजिनावर चालणारं वीज बनवणारं यंत्र) हवेत बंद पडला तर रेडिओ किती वेळ चालेल, ते याच मिनिटांवर ठरतं. टेस्टची फी आम्ही घेतो, कारण त्यात माणूस आणि बेंच जवळजवळ दोन दिवस गुंततात. बॅटरी नापास झाली आणि नवी आमच्याकडूनच घेतली, तर ती फी बिलातून वजा करतो. पास झाली तर तशीच परत देतो. अशा पास झालेल्या बॅटऱ्यांनीच आम्हाला पुढची गिऱ्हाइकं मिळवून दिली आहेत.

एक कळकळीची विनंती. बाहेरून पॉवर लावून इंजिन सुरू करायचं आणि लगेच उडायचं, असं करू नका. रिकाम्या बॅटरीत अल्टरनेटर जोरात करंट ढकलतो, ती तापते, आणि त्याच वेळी अल्टरनेटर गेला तर मागे आधाराला काहीच उरत नाही. बॅटरी काढा, जमिनीवर नीट चार्ज करा, मग बसवा. पाणी कमी झालं असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. ॲसिड वरून घालू नका.

बॅटरी काढलीच आहे तर बॉक्सही बघा. एका विमानाच्या बॉक्सची ड्रेन ट्यूब आम्ही सोडवली, तर आत कुंभारीण माशीने मातीचं घर बांधून ती पार बुजवली होती. बाहेर जायची वाट नसल्याने ॲसिडची वाफ आतच राहिली, तळाचा रंग पापुद्र्यांनी सुटला होता आणि खालचा पत्रा खडबडीत, पांढरट झाला होता. खायचा सोडा पाण्यात कालवून बॉक्स धुवा (बॅटरीच्या झाकणांपासून तो लांब ठेवा), वाळवा, मग ॲसिडप्रूफ रंग द्या. जुन्या पायपर चेरोकीवाल्यांनी ॲल्युमिनियमच्या केबलही तपासून घ्याव्यात. दोष केबलचा असतो आणि बदलली जाते बॅटरी, असं आम्ही बऱ्याचदा पाहिलं आहे.

"गाडीची बॅटरी बसते की, किंमतही कितीतरी कमी," असं विचारणारे असतात. टाइप सर्टिफिकेट (त्या मॉडेलला मिळालेली सरकारी मान्यता) असलेल्या विमानासाठी ती आम्ही देत नाही. भाग विमानासाठी मान्य असल्याचा दाखला, म्हणजे आपला सीए फॉर्म १, अमेरिकेच्या एफएएचा ८१३०-३ किंवा युरोपच्या ईएएसएचा फॉर्म १, सोबत नसेल तर तुमच्या एएमईला सहीच करता येणार नाही. आमच्या किमतीत हा कागद येतो.

आम्ही मोजकाच साठा ठेवतो. बॅटरी कपाटातही म्हातारी होते, म्हणून सीलबंद बॅटऱ्या दर तीन महिन्यांनी चार्जला लावतो आणि तारीख लेबलवर लिहितो. कोरड्या येणाऱ्या बॅटरीत ॲसिड आम्हीच भरतो आणि पहिला चार्ज पूर्ण करूनच देतो. त्याला एक-दोन दिवस द्या. पहिला चार्ज घाईत उरकला तर कपॅसिटी कायमची कमी राहते. ॲसिड भरलेली बॅटरी विमानाच्या कार्गोत धोकादायक माल म्हणून जाते, त्यामुळे बारामती, धुळे, गोंदियाकडे आम्ही ती रस्त्यानेच पाठवतो.

तर व्हॉट्सॲपवर एवढं पाठवा: डेटा प्लेट, लॉगबुकातली बॅटरीची शेवटची नोंद, जुन्या बॅटरीचं लेबल, टर्मिनलच्या बाजूने एक फोटो, आणि विमानातल्या रिकाम्या बॅटरी-बॉक्सचा मोजायची टेप धरून एक फोटो. त्याच दिवशी उत्तर देतो.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती नोंदणीकृत रिसायकलरकडेच जायला हवी. टर्मिनलना चिकटपट्टी लावून, उभीच ठेवून आमच्याकडे पाठवा. शिशाचा त्या दिवशीचा भाव नव्या बिलातून कमी करून देऊ.