शिफ्ट धरून बाण दाबला की किती पकडायचे? देवनागरी सिलेक्शनची पार्श्वभूमी

टेक्स्ट एडिटरमध्ये शिफ्ट धरून उजवा बाण एकदा दाबला, तर किती मजकूर सिलेक्ट व्हावा? इंग्रजीत हा प्रश्न कुणी विचारत नाही. एक अक्षर, विषय संपला. मराठीत मात्र ‘एक अक्षर’ कशाला म्हणायचे इथेच गाडी अडते, आणि ती अडून तीसेक वर्षे झाली.

सिलेक्शनवरचा मूळ वाद वेगळाच होता. आधी मजकूर धरायचा आणि मग त्याचे काय करायचे ते सांगायचे, की आधी क्रिया सांगायची आणि मग कशावर ते? 1976 च्या ‘व्हीआय’ या एडिटरने दुसरी वाट धरली: ‘डी’ म्हणजे खोडा, ‘डब्ल्यू’ म्हणजे शब्द. त्याच्या थोडे आधी कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगशाळेत ‘ब्राव्हो’ हा एडिटर तयार झाला होता. त्यात सिलेक्शन आधी होते, पण त्याच कळा कधी आज्ञा तर कधी मजकूर. त्याचा एक किस्सा अजून सांगितला जातो. आपण आज्ञांच्या मोडमध्ये आहोत याचे भान न राहता कुणी ‘एडिट’ हा इंग्रजी शब्द टाइप केला, की ‘ई’ने सगळा मजकूर सिलेक्ट, ‘डी’ने डिलीट, ‘आय’ने नवा मजकूर घालायची तयारी, आणि पडद्यावर उरायचा एकटा ‘टी’. त्याच प्रयोगशाळेतल्या ‘जिप्सी’ या एडिटरने हे मोड काढून टाकले. डबल-क्लिक केले की शब्द पकडला जाणे ही त्याचीच देणगी. 1984 च्या मॅकने ही पद्धत घराघरांत नेली, मात्र त्याच्या पहिल्या कीबोर्डवर बाणांच्या कळाच नव्हत्या. कीबोर्डवरून मजकूर हाताळण्याचे नियम पीसीच्या जगात 1987 च्या सुमारास लेखी झाले. शिफ्ट-डिलीटने कट आणि शिफ्ट-इन्सर्टने पेस्ट ही त्या काळची सवय विंडोजमध्ये अजून चालते.

या दोन घराण्यांचे आजही जुळत नाही. शब्दागणिक उडी मारताना विंडोज पुढच्या शब्दाच्या तोंडाशी थांबते, मॅक चालू शब्दाच्या शेवटाशी. म्हणून एकीकडे शब्दानंतरची स्पेसही सिलेक्ट होते, दुसरीकडे होत नाही. त्रास होतो, पण तो सवयीचा.

मराठीचे दुखणे निराळे. युनिकोड, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक चिन्हाला ठरलेला क्रमांक देणारे मानक, रुळण्याआधी छपाईची पाने संगणकावर जुळवण्याचे (डीटीपीचे) फॉन्ट इंग्रजी चिन्हांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवत. अर्धा ‘ष’ एक तुकडा, काना दुसरा, पहिली वेलांटी तिसरा, आणि ती दिसते तशीच व्यंजनाच्या आधी साठवलेली. संगणकाच्या लेखी ते इंग्रजीच होते. एखादा तुकडा कंसाच्या किंवा अवतरणचिन्हाच्या जागी बसला असला, की डबल-क्लिक तिथेच थबके आणि अर्धाच शब्द हाती लागे. मी प्रुफे तपासायला जात असे त्या छापखान्यात यावरून रोज खटके उडत. शब्द बदलला जाई, जुन्या शब्दाचा काना मात्र मागे लोंबकळत राही. ऑपरेटर म्हणे, ‘साहेब, मी तर पूर्ण शब्द पकडला होता.’ त्याचे खरे होते.

1991 मध्ये युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी आली आणि तुकड्यांऐवजी वर्ण, मात्रा, हलन्त (पाय मोडण्याचे चिन्ह) यांना क्रमांक मिळाले. शब्द शब्दासारखे झाले. बाणाच्या एका दाबात किती पकडायचे, हे मात्र तिथून पुढे बदलतच राहिले. ‘स्वातंत्र्य’ हा एकच शब्द घ्या. त्यात 11 क्रमांक आहेत: स, हलन्त, व, काना, त, अनुस्वार, त, हलन्त, र, हलन्त, य. मानकाच्या जुन्या नियमाने त्याचे 7 तुकडे पडत, कारण अनुस्वार व्यंजनाला चिकटे पण काना सुटा राही. 2008 मध्ये काना आणि वेलांट्याही चिकटल्या, तुकडे 6 झाले: स्, वा, तं, त्, र्, य. सप्टेंबर 2023 च्या 15.1 आवृत्तीत हलन्ताने जोडलेली व्यंजनेही एकत्र धरावीत असे ठरले, आणि आता मोजणी 3 वर आली: स्वा, तं, त्र्य. अभंगाच्या चरणांत सहा-सहा-सहा-चार अक्षरे मोजणारा माणूस पहिल्यापासून तीनच म्हणाला असता. त्याला कुणी विचारले नाही.

या दिरंगाईचे मूळ शब्दांच्या गोंधळात आहे. आपल्या व्याकरणात ‘क्’ हा वर्ण आणि ‘क’ हे अक्षर. प्रोग्रामरचा ‘कॅरॅक्टर’ या दोन्हींपैकी काहीच नाही. ज्याला स्वतःचा क्रमांक आहे ते त्याचे कॅरॅक्टर, मग तो एकटा काना का असेना. मराठी मेनूंमध्ये त्याचे भाषांतर कधी ‘वर्ण’ तर कधी ‘अक्षर’ झाले, आणि ‘पन्नास अक्षरांत लिहा’ म्हणणाऱ्या चौकटीत एकट्या ‘स्वातंत्र्या’ने अकरा घरे खाल्ली. वापरणाऱ्याला जे एक वाटते त्यासाठी मानकाने तिसराच शब्द काढला: ‘ग्राफीम क्लस्टर’. 2023 पर्यंत देवनागरीत या क्लस्टरचा आणि आपल्या अक्षराचा मेळ नव्हता. नियम शब्दशः पाळणाऱ्या एडिटरमध्ये कर्सर ‘क्ष’च्या पोटात जाऊन उभा राही आणि सिलेक्शनचा निळा पट्टा अर्ध्याच ‘क्ष’वर पडे. काही प्रणालींनी मानकाची वाट न पाहता जोडाक्षर आधीपासून अखंड ठेवले होते, म्हणून एकाच संगणकावर दोन खिडक्यांत दोन तऱ्हा दिसत.

नवा नियम सर्व भारतीय लिप्यांना लागू केला नाही, ते योग्यच झाले. देवनागरी, बंगाली, गुजराती, ओडिया, तेलुगू आणि मल्याळम आत आहेत, तमिळ बाहेर. तमिळमध्ये व्यंजनावरचा ठिपका उघड दिसतो आणि ते व्यंजन स्वतंत्र अक्षर मानले जाते. पण आपल्याकडेही तशी उदाहरणे आहेत. ‘वाङ्मय’मधला ‘ङ्म’ बऱ्याच फॉन्टांत पाय मोडूनच दिसतो. डोळ्यांना दोन, सिलेक्शनला एक. आणि कुणी हलन्तानंतर जोडणी तोडणारे अदृश्य चिन्ह घालून ‘वाङ्‌मय’ लिहिले असेल, तर नव्या नियमानेही दोनच. पडद्यावर दोन्ही शब्द एकसारखे दिसतात. शिफ्ट धरून बाण दाबेपर्यंत फरक कळत नाही.

सगळ्यात जास्त कुरबुर बॅकस्पेसवर आहे. शिफ्ट धरून डावा बाण तीनदा दाबला की ‘स्वातंत्र्य’ पूर्ण सिलेक्ट होते. तेच बॅकस्पेसने खोडायला बहुतेक ठिकाणी अकरा वेळा बोट आपटावे लागते, कारण बॅकस्पेस एकेक क्रमांक मागे जातो. ही चूक नाही, मुद्दाम ठेवलेली सोय आहे. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कीबोर्ड-मांडणीवर मात्रेची कळ वेगळी असते, मात्रा चुकली तर तेवढीच मागे घेता यावी. रोमनमधून मराठी टाइप करणाऱ्या पिढीला हे कारण पटत नाही. तिने ‘त्र’साठी दाबलेल्या कळांचा आणि मागे मिळणाऱ्या पायऱ्यांचा मेळ बसत नाही. तरीही बॅकस्पेस आहे तसाच राहावा असे मला वाटते. एका मात्रेच्या चुकीपायी अख्खे ‘त्र्यं’ पुन्हा टाइप करायचे म्हणजे फारच झाले.

अखंड अक्षराचे नुकसानही आहे. बाराखडीच्या तक्त्यात ‘कि’ची फक्त वेलांटी लाल करायची असेल, तर माऊस कितीही जपून ओढा, ‘क’ सोबत येतोच. तुकड्यांच्या फॉन्टमध्ये हे दोन क्लिकचे काम होते. माझ्या ओळखीचे एक ऑपरेटर पहिलीच्या सराववह्या जुळवतात. तेवढ्या पानांसाठी ते अजून जुना फॉन्ट असलेला संगणक चालू करतात.