मोकळ्या कोंबड्यांच्या परसात डुकरांचा गोठा : बांधण्याआधी वाचा

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गोठ्याची चौकशी करायला येणारे बहुतेक जण आधी लांबी-रुंदी विचारतात. ती खाली दिली आहे. पण उत्तर गोव्यातल्या पेडणे, बार्देश, डिचोली आणि सिंधुदुर्गातल्या सावंतवाडी, दोडामार्ग या आमच्या कामाच्या पट्ट्यात ज्यांना दोन डुकरं पाळायची असतात, त्यांच्या परसात गावठी कोंबड्या आधीपासून असतात आणि त्या दिवसभर मोकळ्या असतात. म्हणून मोजपट्टी काढण्याआधी दोन-तीन दिवस कोंबड्यांवर लक्ष ठेवा. खुराडं उघडल्यावर त्या कुठे धावतात, दुपारी कुठल्या माडाखाली धुळीत लोळतात, अंडी घालायला कुठला कोपरा धरतात, तिन्हीसांजेला कुठून परततात, ते बघा. गोठा या वाटेच्या बाहेर हवा. डुकरं नव्या जागी आठवडाभरात रुळतात. कोंबडी मात्र आपली रोजची फिरण्याची जागा सहसा सोडत नाही. आम्ही जागा पाहायला सकाळी खुराडं उघडायच्या वेळी येतो ते यासाठीच.

दोघांना एकत्र का सोडू नये

डुक्कर अंडं खातं, पिल्लू खातं आणि आजारी किंवा खुडूक कोंबडी तावडीत सापडली तर तीही खातं. एकदा चव लागली की ही सवय मोडत नाही. कोंबड्याही स्वस्थ बसत नाहीत. डुकरांच्या खाण्याच्या दोणीतला कोंडा टिपायला येतात, शेणात अळ्या शोधतात आणि भिंतीवर चढून दोणीत घाण करतात. पक्ष्यांच्या क्षयाचे जंतू अशा विष्ठेतून डुकरांना लागतात. जुलाब लावणारा साल्मोनेला हा जंतू दोघांमध्येही फिरतो. डुकराला पक्ष्यांचा आणि माणसांचा, दोन्हीकडचा फ्लू होऊ शकतो, हेही ध्यानात असू द्या. २००६ साली देशात बर्ड फ्लूची पहिली साथ आली ती महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला.

काही ग्राहक विचारतात, परदेशात डुकरांच्या मागून कोंबड्या फिरवतात, तसं इथे का नको? तिथे एकरांनी कुरण असतं, एक तुकडा महिनोन् महिने मोकळा ठेवता येतो. आपल्या आठ-दहा गुंठ्यांत ते जमत नाही. डुकराच्या जंताची अंडी ओल्या मातीत कित्येक वर्षं तग धरतात आणि पावसाळ्यात आपलं परस चार महिने ओलंच असतं. आमचा सल्ला स्पष्ट आहे : डुकरं बंदिस्त, कोंबड्या मोकळ्या.

जागा

विहिरीपासून निदान १०० फूट लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला, हा आमचा नियम आहे. जांभ्यातून पाणी झिरपतं, त्यामुळे यात आम्ही सवलत देत नाही. कोकणात पाऊस पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून झोडपतो. ती बाजू छपरापर्यंत बंद ठेवा आणि पूर्वेची उघडी ठेवा. फणसाची किंवा आंब्याची सावली मिळाली तर उत्तम, कारण डुकराला घाम जवळजवळ येत नाही आणि एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली ते अक्षरशः धापा टाकतं. पत्र्यावर माडाच्या विणलेल्या झावळ्यांचे झाप घाला आणि दुपारी अंगावर पाणी मारा.

डास आणि वास यांच्यासाठी गोठा घरापासून जमेल तितका दूर घ्या. जपानी मेंदूज्वराचा विषाणू डुकराच्या शरीरात वाढतो आणि भातशेतीतले डास तो माणसापर्यंत आणतात, तेव्हा गोठ्याभोवती पाणी साचू देऊ नका. शेजाऱ्यांशी पाया खणण्याआधी बोला. ग्रामपंचायतीत परवानगीचं काय लागतं, तेही आधीच विचारून घ्या.

माप आणि फरशी

डुक्कर एकटं पाळू नये. ते कळपातलं जनावर आहे, एकटं ठेवलं तर खाणं कमी करतं. एकाच वेतातली, आठ आठवड्यांची, दूध तुटलेली दोन पिल्लं घ्या. दोघांसाठी छपराखाली ६ बाय ८ फूट आणि पुढे तेवढंच उघडं अंगण पुरतं. भिंत ४ फूट उंच हवी. पिल्लं काढायला मादी ठेवणार असाल तर हे माप चालणार नाही. विणाऱ्या मादीला एकटीलाच छपराखाली ८० ते ९५ चौरस फूट लागतात. तो आराखडा आम्ही वेगळा देतो.

जांभ्याच्या चिऱ्याची भिंत स्वस्त पडते, पण चिरा मूत शोषतो आणि डुक्कर नाकाने सांधे उकरतं. म्हणून आतून निदान खालचे तीन फूट सिमेंटचा गिलावा करून घ्याच. खाली कोबा, पण घोटून गुळगुळीत नको, कारण पाय घसरून कंबर गेलेलं डुक्कर बरं होत नाही. ओल्या कोब्यावर खराटा ओढला की पुरेसा खरखरीतपणा येतो. उतार आठ फुटांना अडीच इंच द्या.

हा उतार कुठे संपतो, ते सर्वांत महत्त्वाचं. डुक्कर घाणेरडं ही समजूत चुकीची आहे. जागा मिळाली तर ते झोपायच्या ठिकाणी सहसा घाण करत नाही, ओला आणि थंड कोपरा शोधून तिथेच जातं. म्हणून पाण्याचा निपल (डुक्कर तोंडाने दाबून पाणी पितं ती तोटी) उताराच्या खालच्या कोपऱ्यात बसवायचा आणि दोण व झोपायची जागा वरच्या कोरड्या बाजूला ठेवायची. पिल्लं आणायच्या दिवशी तो खालचा कोपरा भिजवा आणि तिथे थोडं शेण टाका, झोपायच्या जागी पेंढा पसरा. पहिल्या दोन दिवसांत सवय लागली की रोजची सफाई दहा मिनिटांत उरकते. निपल दोन लावा : एक फुटावर लहानपणासाठी, दोन फुटांवर मोठेपणासाठी.

फाटक, जाळी आणि दोण

डुक्कर फाटकाखाली नाक घालतं आणि मान वर झटकतं. साध्या बिजागरीवरचं फाटक असं दोन-तीनदा केलं की पिनांवरून उचलून निघतं. आमच्या फाटकाची खालची पिन वर तोंड करून असते, तर वरची खाली तोंड करून. दोन्हीकडून अडकलेलं फाटक उचलता येत नाही. दुसऱ्या कुणाकडून करून घेतलंत तरी एवढं पाहून घ्या. फाटकाच्या गजांना एक इंची जाळी मारा, म्हणजे कोंबडीची पिल्लं आत शिरणार नाहीत.

गावठी कोंबडीला चार फुटांची भिंत म्हणजे काहीच नाही, ती सहज उडते. अंगणावर रापणीचं (मासे धरायचं) जुनं जाळं ताणून बांधलं की हा प्रश्न मिटतो. जाळं ढिलं ठेवू नका, त्यात पाय अडकतात. काही जण कोंबड्यांची पिसं कापतात. ते आम्ही सुचवत नाही, कारण मुंगूस किंवा कुत्रा आला तर तिला पळता आलं पाहिजे.

दोण भिंतीत बसवून बाहेरून खाणं ओतायची सोय बरी, पण बाहेरच्या तोंडावर झाकण हवंच. डुकरांना सकाळी खुराडं उघडण्याआधी आणि संध्याकाळी कोंबड्या आत गेल्यावर खाणं घाला. झाकण, जाळी सगळं असूनही याच एका सवयीने अर्धा त्रास वाचतो. रोजच्या कामात आधी कोंबड्या, मग डुकरं. गोठ्याचे गमबूट गोठ्यातच ठेवा.

खाद्याबद्दल दोन गोष्टी. अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य डुकरांना घालू नका. त्यात कवचासाठी चुना फार असतो. शिवाय कोंबडीच्या काही खाद्यांत सॅलिनोमायसिनसारखी औषधं असतात, आणि डुकराला टियाम्युलिन हे जंतुनाशक औषध चालू असताना ती पोटात गेली तर जनावर मरू शकतं. डॉक्टर औषध देत असतील तर आधी काय खायला घातलं, ते सांगा. कोंडा, पेंड, पेज, फणसाच्या आठळ्या हे सगळं चालतं. हॉटेलातलं उरलंसुरलं आणाल तर तासभर ढवळत उकळा आणि त्यात डुकराचं मांस अजिबात नको. आफ्रिकन स्वाइन फीव्हर २०२० साली देशात प्रथम आसाम आणि अरुणाचलमध्ये सापडला. तो असल्या खरकट्यातूनही पसरतो. माणसाला तो होत नाही, पण गोठा रिकामा करतो. खरकटं खारट असतं, त्यामुळे पाणी कधी तुटू देऊ नका. मीठ जास्त आणि पाणी बंद झालं की डुकराला झटके येतात.

शेणखड्डा

गोठा नीट बांधला तरी कोंबड्या आणि डुकरांची गाठ पडते ती बहुतेक वेळा शेणखड्ड्यावर. खड्डा उघडा असला की कोंबड्यांचा सगळा कळप तिथेच उकरत असतो. चारही बाजूंनी चिऱ्यांचा दोन थरांचा कठडा करा, वर जाळीची चौकट ठेवा आणि पावसाळ्यासाठी एक पत्रा टाका. शेणावर प्रत्येक वेळी पालापाचोळा आणि थोडी माती पडली तर वास कमी येतो आणि अळ्याही कमी होतात. गोठ्याची मोरी खड्ड्याकडे बंद पाइपने न्या, उघड्या पन्हळीने नको. उंदीर येऊ नयेत म्हणून कोंडा झाकणाच्या पिंपात ठेवा. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मुतातून पसरणारा ताप) अनुभव आपल्या भागाला पुरेसा आहे. पायाला जखम असेल तर गमबुटाशिवाय गोठ्यात उतरू नका.

कामाची वेळ

नाताळला डुकरं तयार हवी असतील तर पिल्लं फेब्रुवारी-मार्चमध्ये आणावी लागतात, म्हणजे गोठा जानेवारीअखेर उभा हवा. कोब्याला निदान दहा दिवस पाणी मारल्याशिवाय आम्ही जनावर आत सोडू देत नाही. मे महिन्याच्या मध्यानंतर नवा कोबा घेत नाही. आम्ही यायच्या आधी विहीर, खुराडं, घराचं मागचं दार आणि पावसाचं पाणी वाहतं ती वाट, एवढं एका कागदावर हाताने काढून ठेवा. रेघा वाकड्या असल्या तरी चालतील, अंतरं मात्र पावलांनी मोजून लिहा.