मांसप्रथिनांचे जेल व पायसरूप चरबी

सॉसेजसारख्या बारीक वाटलेल्या मांसपदार्थाचा घास दाताखाली दबून पुन्हा उसळतो, तो त्यातील प्रथिनांच्या जेलमुळे, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या घट्ट जाळ्यामुळे. मांस सुमारे २ टक्के मिठासह वाटले की स्नायुतंतूंतील मायोसिन व ॲक्टिन ही प्रथिने विरघळून चिकट लगदा तयार होतो. तापवताना साधारण ४० ते ५० अंश सेल्सिअसपासून मायोसिनचे रेणू उलगडून एकमेकांना चिकटू लागतात आणि ७० अंशांच्या आसपास पाणी धरून ठेवणारे जाळे घट्ट बसते. चरबीचे कण या जाळ्यात अडकलेले असतात.

या लगद्याला ‘मांस-पायस’ (पायस म्हणजे इमल्शन: एका द्रवात विखुरलेले, त्यात न मिसळणाऱ्या दुसऱ्या द्रवाचे थेंब) म्हणण्याची पद्धत आहे. पण ते नाव अर्धेच खरे आहे. खऱ्या पायसात थेंब सूक्ष्म व द्रवरूप असतात. इथे थंड चरबीचे अनेक कण घनरूप आणि बरेच मोठे असतात. ते प्रथिनांच्या पापुद्र्यामुळे टिकतात की घट्ट लगद्यात नुसते कोंडले जातात, हा जुना वाद आहे. प्रत्यक्षात दोन्ही गोष्टी घडतात.

पोताच्या दृष्टीने चरबी किती आहे याइतकेच तिच्या कणांवर कोणते आवरण आहे हे महत्त्वाचे ठरते. आवरण मायोसिनचे असेल, तर तापवताना ते भोवतालच्या जाळ्याशी बांधले जाते. असा कण म्हणजे ‘सक्रिय भरण’: तो जेल अधिक घट्ट करतो. पॉलिसॉर्बेटसारख्या लहान रेणूंच्या पायसीकारकाने (पायस बनवायला व टिकवायला मदत करणाऱ्या पदार्थाने) प्रथिनाला पृष्ठभागावरून हुसकावले, तर कण जाळ्याशी जोडला जात नाही. मग तो भिंतीतल्या पोकळीसारखा वागतो आणि जेल कमजोर होते.

कणांचा आकारही तितकाच निर्णायक. ५० मायक्रोमीटर व्यासाच्या कणांचे १ मायक्रोमीटरचे कण केले, तर तेवढ्याच चरबीचा पृष्ठभाग ५० पट होतो, म्हणजे जोडण्याच्या जागा वाढतात. शिवाय थेंब जितका लहान तितका पृष्ठताणामुळे त्याच्या आतला दाब जास्त, म्हणून द्रव तेलाचा बारीक थेंबही सहज चेपत नाही. प्राण्यांच्या चरबीऐवजी आधीच पायस केलेले वनस्पती तेल वापरल्यावर पदार्थ अनेकदा अपेक्षेपेक्षा कडक होतो, त्यामागे हेच कारण असते.

मात्र बारीक करण्याला मर्यादा आहे. पृष्ठभाग फार वाढला की तो झाकायला प्रथिन पुरत नाही. वाटताना लगदा तापला तर चरबी वितळून एकत्र येते. म्हणूनच वाटणात बर्फ घालतात. अशा बिघडलेल्या लगद्यातून शिजवताना तेल सुटते आणि उरलेला भाग कोरडा, कणीदार लागतो.

चरबी कमी करायची झाल्यास तिच्या जागी काय घालायचे हा खरा पेच असतो. नुसते मांस वाढवले तर पदार्थ रबरासारखा चिवट होतो. पाणी वाढवले तर मऊ पडतो आणि पाणी सोडतो.