स्वीडिश इंडी पॉप आणि तरुण फोक गायक-गीतकार

स्वीडिश इंडी पॉप म्हणजे साधारण १९८० च्या दशकाच्या शेवटापासून स्वीडनमध्ये छोट्या रेकॉर्ड कंपन्यांच्या आसपास वाढलेलं, गिटारवर चालणारं, गोड चालींचं आणि बहुतेक वेळा इंग्रजीत गायलेलं पॉप संगीत. त्याच्याच शेजारी २००३ नंतर एकट्याने गिटार घेऊन गाणाऱ्या तरुण मुलामुलींची एक पिढी पुढे आली. बाहेरच्या जगाला हे दोन्ही जवळपास एकदमच सापडलं, २००३ ते २०१० च्या दरम्यान, म्हणून ते एकत्र सांगायची पद्धत पडलीय आणि या नोंदीतही तसंच केलंय, पण दोघांचं मूळ एकच आहे असं समजू नये.

नाव : ‘इंडी’ हा शब्द मुळात धंद्याचा आहे, म्हणजे मोठ्या कंपनीशी न बांधलेलं स्वतंत्र लेबल (रेकॉर्ड कंपनी). पण स्वीडनच्या बाबतीत हा निकष कडक लावला तर गडबड होते, कारण योनशोपिंग गावात १९९२ मध्ये जमलेला ‘द कार्डिगन्स’ हा बँड ज्या स्टॉकहोम रेकॉर्ड्सकडे होता ते लेबल मोठ्या कंपनीच्या घरातलंच होतं, आणि तरी या प्रकारच्या कुठल्याही यादीत कार्डिगन्स पहिल्या पाचात असतात. म्हणून इथे इंडी हा शब्द आवाजाच्या अर्थाने घेतलाय.

‘फोक’ या शब्दाचा घोळ त्याहून मोठा आहे. मराठीत फोक म्हटलं की आपण पटकन लोकसंगीत म्हणतो. स्वीडिशमध्ये यासाठी तीन वेगळे कप्पे आहेत. ‘फोल्कम्युसीक’ म्हणजे खेड्यापाड्यातलं जुनं वाद्यसंगीत, व्हायोलिन, निकेलहार्पा (गजाने वाजवायचं, चाव्या असलेलं तंतुवाद्य), पोल्स्का नाच वगैरे, आणि त्याचा गड म्हणजे दालार्ना प्रांत. दुसरा कप्पा ‘वीसा’, म्हणजे शब्दांना महत्त्व असलेलं, एकट्याने गायचं गाणं; ही परंपरा कार्ल मिकाएल बेलमानपर्यंत (१७४०–१७९५) मागे नेतात, विसाव्या शतकात एव्हर्ट तोब (१८९०–१९७६) आणि जन्माने डच असलेला कॉर्नेलिस फ्रेसविक (१९३७–१९८७) ही तिची मोठी नावं, आणि वेस्टर्विकला १९६६ पासून तिचा महोत्सव भरतो. तिसरा कप्पा म्हणजे इंग्रजी ‘फोक’, जो अमेरिकन आणि ब्रिटिश रेकॉर्डवरून आला. या नोंदीतले बहुतेक गायक या तिसऱ्या कप्प्यातले आहेत, त्यांना ‘स्वीडिश लोकसंगीताचे तरुण वारस’ म्हणायचं तर फार जपून म्हणावं लागतं. ‘गायक-गीतकार’ म्हणजे शब्द, चाल आणि गळा तिन्ही एकाच माणसाचं. आपल्या भावगीतात बहुधा कवी एक, संगीतकार दुसरा आणि गायक तिसरा असतो, त्यामुळे हा फरक ध्यानात ठेवलेला बरा.

सुरुवात कुठून धरायची : यावर एकमत नाही आणि होईल असंही वाटत नाही. एक मत असं की सगळं ब्रिटनमधून आलं. १९८६ मध्ये ‘एनएमई’ साप्ताहिकाने ‘सी८६’ नावाची कॅसेट काढली, पुढच्या वर्षी ब्रिस्टलला सारा रेकॉर्ड्स सुरू झालं (ते १९९५ पर्यंत चाललं), आणि तो किणकिणत्या गिटारचा, थोड्या लाजऱ्या गळ्याचा आवाज स्वीडनच्या पोरांनी मनापासून उचलला. हे खोटं नाही. पण यातून स्वीडिश गाण्यातला नीटनेटकेपणा, जुन्या साठच्या दशकातल्या पॉपसारखी मांडणी, ती कुठून आली हे कळत नाही.

दुसरं मत दक्षिणेकडच्या माल्मो शहराकडे बोट दाखवतं. तिथे एगस्टोन या बँडच्या मंडळींनी तूरे योहान्सन या निर्मात्याला बरोबर घेऊन १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला टॅम्बरिन स्टुडिओ उभा केला. एगस्टोनचा पहिला अल्बम १९९२ चा, आणि कार्डिगन्सचे ‘एमरडेल’ (१९९४) आणि ‘लाइफ’ (१९९५) याच स्टुडिओत घडले. गंमत म्हणजे कार्डिगन्समधली काही मुलं मूळची हेवी मेटलवाली, आणि ‘एमरडेल’वर त्यांनी ब्लॅक सॅबथ या मेटल बँडचं एक गाणं इतकं हळुवार करून गायलंय की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते ओळखूच येत नाही. तिसरं मत सगळ्यात अरुंद: १९९७ मध्ये लॅब्राडॉर हे लेबल निघालं तिथून खरी सुरुवात, कारण क्लब एट, ॲसिड हाउस किंग्ज, द रेडिओ डिपार्टमेंट, साम्बासादूर असे बँड एका छताखाली आले आणि ‘स्वीडिश इंडी पॉप’ म्हटल्यावर परदेशी श्रोत्याच्या कानात जे वाजतं ते इथेच पक्कं झालं.

आवाज कसा घडला हा प्रश्न असेल तर माल्मोचं मत जास्त पटतं, आणि नाव कसं रूढ झालं असं विचाराल तर लॅब्राडॉरचं. उत्तरेकडचे बँड मात्र तिन्ही मतांत बसत नाहीत. शेलेफ्टेओचे ‘द वनाडीज’ आणि पितेओचे ‘पॉप्सिकल’ जास्त गोंगाटाचे, अमेरिकन रॉककडे झुकलेले होते. वनाडीजचं ‘यू अँड मी साँग’ आणि कार्डिगन्सचं ‘लव्हफूल’ ही दोन्ही गाणी १९९६ च्या ‘रोमिओ + ज्युलिएट’ या सिनेमात होती, आणि बाहेर बऱ्याच लोकांनी स्वीडिश पॉप पहिल्यांदा ऐकलं ते तिथे.

एवढ्याशा देशात एवढे बँड कसे, याचं नेहमी दिलं जाणारं कारण म्हणजे सरकारी आणि संस्थांचा आधार. १९४० च्या दशकापासून नगरपालिकांच्या संगीतशाळा सुरू झाल्या, तिथे शाळकरी मुलं अगदी कमी पैशांत वाद्य शिकतात. शिवाय प्रौढशिक्षणाच्या संस्था आहेत, त्यातली आबेएफ ही कामगार चळवळीची संस्था १९१२ ची. चार-पाच जणांचा बँड अशा संस्थेकडे ‘अभ्यासमंडळ’ म्हणून नाव नोंदवतो आणि त्यांना तालमीची खोली मिळते, कधी ड्रम आणि ॲम्प्लिफायरसकट. हे कारण खरंच आहे, पण संगीतशाळा १९६० मध्येही होत्या आणि तेव्हा हे संगीत नव्हतं, म्हणजे नुसत्या खोल्यांनी गाणं होत नाही. खोल्या होत्या म्हणून ब्रिटिश-अमेरिकन रेकॉर्ड ऐकून वेडी झालेली पोरं टिकली, असं म्हणणं जास्त बरोबर.

गोथेनबर्ग : या शहराला (तिथले लोक योतेबोरी म्हणतात) स्वतंत्र परिच्छेद हवाच. येन्स लेकमन (जन्म १९८१) इथल्या आंगेरेड उपनगरातला. त्याचा २००७ चा अल्बम ‘नाइट फॉल्स ओव्हर कॉर्तेदाला’, आणि कॉर्तेदाला म्हणजे शहराच्या कडेची युद्धानंतर बांधलेली साधी वसाहत. यातलं ‘अ पोस्टकार्ड टू निना’ हे गाणं नुसतं ऐकलं तरी त्याची पद्धत कळते: बर्लिनमधली मैत्रीण निना, तिचं दुसऱ्या मुलीवर प्रेम, ते वडिलांपासून लपवायचं म्हणून ती येन्सला होणारा नवरा म्हणून जेवायला घरी नेते, आणि तो बिचारा टेबलाशी बसून खोटं निभावत राहतो. एवढी अख्खी गोष्ट, मागे जुन्या सोल रेकॉर्डसारखं भरगच्च वाद्यवृंद. हे वाद्यवृंद बऱ्याच ठिकाणी दुसऱ्यांच्या जुन्या रेकॉर्डचे तुकडे, म्हणजे सॅम्पल, जोडून केलेले होते, आणि त्याच सॅम्पलच्या हक्कांपायी २००२–२००४ च्या गाण्यांचा त्याचा संग्रह आणि ‘कॉर्तेदाला’ हे दोन्ही मूळ रूपात बाजारातून गेले; २०२२ मध्ये नव्याने रेकॉर्ड केलेले भाग घालून त्यांच्या जागी वेगळ्या नावांचे दोन अल्बम आले. त्यामुळे २००७ ची सीडी ज्याच्याकडे आहे त्याने ती जपून ठेवावी, आज स्ट्रीमिंगवर ऐकू येतं ते हुबेहूब तेच नाही.

होसे गोन्सालेस (जन्म १९७८) याच शहरातला, आईवडील अर्जेंटिनाचे. आधी हार्डकोर पंक बँडमध्ये होता, नंतर विद्यापीठात जीवरसायनशास्त्रात पीएचडी करत होता, ती अर्धवट सोडली. २००३ चा ‘वेनिअर’ त्याने घरीच रेकॉर्ड केला: एक नायलॉन तारांची गिटार, एक गळा, आणि फारसं काही नाही. त्यावरचं ‘हार्टबीट्स’ मुळात ‘द नाइफ’ या भाऊ-बहिणीच्या जोडीचं इलेक्ट्रॉनिक नाचाचं गाणं. २००५ मध्ये सोनी ब्राव्हिया टीव्हीच्या जाहिरातीत सॅन फ्रान्सिस्कोच्या उतारावरून सुमारे अडीच लाख रंगीत चेंडू उड्या मारत येतात, त्यामागे गोन्सालेसचं हे गाणं वाजलं आणि त्याचं नाव जगभर झालं. त्याच्या बोटांची चाल स्वीडिश वीसापेक्षा लॅटिन अमेरिकन गिटारच्या जवळची आहे, हे पुन्हा वरच्या कप्प्यांच्या मुद्द्याशी जुळतं.

‘यंग फोक्स’ हे २००६ चं गाणं स्टॉकहोमच्या ‘पीटर ब्यॉर्न अँड जॉन’चं, सोबत ‘द काँक्रीट्स’ या बँडची गायिका व्हिक्टोरिया बेर्गस्मान. त्यातली शीळ पुढे कुठलं तरी वाद्य वाजवायचं म्हणून जागा धरायला ठेवली होती, मग तीच राहिली. नावात फोक असलं तरी या गाण्याचा फोक संगीताशी संबंध नाही, पण शोधणारे बरेच जण इथूनच आत येतात म्हणून सांगितलं.

एकट्याचे फोक गायक : दालार्नातल्या लेक्सांडचा क्रिस्तियान मात्सॉन (जन्म १९८३) ‘द टॉलेस्ट मॅन ऑन अर्थ’ या नावाने गातो, ‘शॅलो ग्रेव्ह’ (२००८) आणि ‘द वाइल्ड हंट’ (२०१०) हे त्याचे पायाभूत अल्बम. दालार्नाचा म्हणून त्याला तिथल्या व्हायोलिन परंपरेशी जोडायचा मोह काही लेखकांना होतो. पण त्याची गिटार ऐकली की रस्ता दुसरीकडे जातो. तो नेहमीची जुळणी सोडून तारा वेगळ्या सुरांना लावतो, म्हणजे ओपन ट्यूनिंग, ज्यात मोकळ्या तारा छेडल्या तरी एक स्वरसंगती तयार असते; मग डाव्या हाताला काम कमी राहतं आणि उजव्या हाताची बोटं न थांबता पळू शकतात, खालच्या तारांवर ठेका आणि वर चाल, एकटा माणूस दोन गिटारींएवढा वाटतो. ही सवय त्याला इंग्लंडच्या निक ड्रेकसारख्या गिटारवाल्या गायकांना ऐकून लागली. गळा खरखरीत, उंच, तरुण बॉब डिलनची आठवण करून देणारा.

‘फर्स्ट एड किट’ म्हणजे स्टॉकहोमच्या दक्षिणेकडच्या एन्शेदे भागातल्या योहाना (जन्म १९९०) आणि क्लारा (जन्म १९९३) सोडरबर्ग या बहिणी. ऑगस्ट २००८ मध्ये त्यांनी जंगलात बसून सिएटलच्या ‘फ्लीट फॉक्सेस’चं एक गाणं गायलं आणि यूट्यूबवर टाकलं. क्लारा १५ वर्षांची, योहाना १७ ची. मागे झाडं, एक गिटार. धाकटी मुख्य चाल गाते, मोठी दुसरा सूर धरते, आणि दोन गळे असे मिसळतात की कुठला कुणाचा ते सांगणं कठीण. वडील बेंक्त हे स्वतः ‘लोलिता पॉप’ या बँडमध्ये होते. पहिला छोटा अल्बम ‘ड्रंकन ट्रीज’ २००८ मध्ये द नाइफच्याच लेबलवर निघाला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक, इंडी आणि फोक ही मंडळी स्वीडनमध्ये किती शेजारी-शेजारी राहतात बघा. ‘द लायन्स रोअर’ (२०१२) त्यांनी अमेरिकेत ओमाहाला माइक मोगिस या निर्मात्याकडे केला. त्यातल्या ‘एमिलू’ गाण्यात एमिलू हॅरिस आणि ग्रॅम पार्सन्स, जून कार्टर आणि जॉनी कॅश या अमेरिकन कंट्री गायकांची नावं आहेत; स्वीडनच्या मुलींचा वारसा कुठला, हे त्यांनी स्वतःच गाऊन सांगितलंय. २०१५ मध्ये स्टॉकहोमला पोलार संगीत पुरस्काराच्या समारंभात समोर खुद्द एमिलू हॅरिस बसलेल्या असताना त्या गायल्या.

भाषा : इंग्रजी का, याचं साधं उत्तर शाळेतलं इंग्रजी आणि डबिंग न करता खाली अक्षरं देऊन दाखवला जाणारा टीव्ही. पण उलटा प्रवासही आहे. ओस्टरसुंडची आनिका नॉर्लिन ‘हॅलो सेफराइड’ या नावाने इंग्रजीत गात होती, २००७ मध्ये ‘सेकर्ट!’ या नावाने स्वीडिशमध्ये आली, आणि २०११ मध्ये तीच स्वीडिश गाणी इंग्रजीत करून वेगळा अल्बम काढला. दोन्ही लागोपाठ ऐकली तर स्वीडिश न कळणाऱ्यालाही जाणवतं की स्वीडिशमध्ये तिचे शब्द चालीत जास्त दाटीने बसतात.

२०१० नंतर : माल्मोची ॲलिस बोमान आणि गोथेनबर्गची सारा क्लँग ही पुढची नावं. ‘फर्स्ट एड किट’चा २०२२ चा ‘पालोमिनो’ पहिल्या अल्बमनंतर प्रथमच पुन्हा स्वीडनमध्ये रेकॉर्ड झाला.