बाथरूमचं वॉटरप्रूफिंग: मालातलं लिक्विड वेगळं, टाइल्सखालचं कोटिंग वेगळं

बाथरूम नव्याने करायला काढलं की गवंड्याला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "वॉटरप्रूफिंग करणार ना?" उत्तरही ठरलेलं, "करणार की साहेब, लिक्विड टाकूनच माल कालवतो." आपल्या नाशकात इंदिरानगर असो, गंगापूर रोड असो की नाशिकरोड, बोलणं इथेच संपतं आणि घरमालक निश्चिंत होतो. वर्ष-दोन वर्षांनी खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन येतो की आमच्या छताला पोपडे आलेत. गवंडी खोटं बोललेला नसतो, लिक्विड त्याने खरंच टाकलेलं असतं. पण शॉवरखाली पाणी अडवायला लागतं ते कोटिंग. दुकानात दोन्ही डबे शेजारी-शेजारी असतात आणि दोन्हींवर मोठ्या अक्षरांत वॉटरप्रूफिंगच छापलेलं असतं. त्यामुळे भले जाणते लोकही इथे गल्लत करतात.

लिक्विड म्हणजे सिमेंटच्या मालात मिसळायचं द्रावण. 50 किलोच्या गोणीला साधारण 200 मिली, असं प्रमाण बऱ्याच डब्यांवर दिलेलं असतं. अशा मिश्रणांसाठी आयएस 2645 हे भारतीय मानक आहे. माल कालवताना सिमेंटला लागतं त्यापेक्षा जास्त पाणी आपण घालतो. ते उडून गेलं की मागे केसाहून बारीक वाटा राहतात आणि त्यांतून ओल सरकत जाते. लिक्विडमुळे कमी पाण्यात माल मऊ कालवला जातो, या वाटा कमी होतात आणि प्लास्टर दाट बसतं. बाहेरच्या भिंतीचं प्लास्टर, गच्चीचा कोबा, पाण्याच्या टाकीचं आतलं प्लास्टर, अशा ठिकाणी ते टाकायलाच हवं.

पण प्लास्टर कितीही दाट झालं तरी ते ताठच राहतं. सिमेंट सुकताना आकसतं, गरम पाण्याने फुगतं, स्लॅब किंचित हलतो, आणि कुठेतरी केसासारखा तडा जातो. एकदा तडा गेला की आजूबाजूचा माल किती दाट आहे याला अर्थ उरत नाही, कारण पाणी त्या तड्यातूनच उतरतं. तडा गेल्यावर लिक्विड काहीच करू शकत नाही. शॉवरखाली तर तडा जाण्याची जागा आधीच ठरलेली असते: जमीन आणि भिंत जिथे भेटतात तो कोपरा, आणि नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे जमिनीतल्या जाळीखाली पाणी वाहून नेणाऱ्या भांड्याच्या, पाइपाभोवतीचं कडं.

कोटिंग वेगळ्या तत्त्वावर चालतं. त्यात एक पावडर आणि एक दुधासारखं पांढरं पॉलिमर असतं. दोन्ही एकत्र घोटून ब्रशने लावायचं. सुकल्यावर सगळ्या जमिनीवर अखंड, लवचिक असा पापुद्रा तयार होतो, दोन हात, म्हणजे दोन थर, मिळून साधारण एक मिलिमीटर जाडीचा. खाली बारीक तडा गेला तरी पापुद्रा ताणला जातो आणि फाटत नाही. रेनकोट जसा अंगावर पाणी पोहोचूच देत नाही, तसं कोटिंग स्लॅबवर पाणी पोहोचू देत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. लिक्विड टाका, त्याला विरोध नाही, पण त्यालाच बाथरूमचं वॉटरप्रूफिंग समजू नका. गवंड्याशी बोलताना नेमकं विचारा: "टाइल्सच्या खाली कोटिंगचे दोन हात मारणार का, आणि पाणी भरून दाखवणार का?" याचं उत्तर गुळमुळीत आलं तर काम सुरू करण्याआधीच थांबा.

आता कोटिंग नीट बसण्यासाठी काय पाहायचं ते जरा सविस्तर सांगतो, कारण डबा चांगला असूनही काम वाया जातं ते इथेच.

आधी प्लंबिंग पूर्ण हवं. भिंतीतल्या लाइन्स टाकून, प्रेशर लावून तपासून, झिऱ्या (पाइपासाठी भिंतीत पाडलेल्या खाचा) बुजवून झाल्यावरच कोटिंग. कोटिंगनंतर प्लंबर छिन्नी घेऊन आला की तिथे भोक पडलंच म्हणून समजा. नहाणी ट्रॅप बसवताना स्लॅबला पाडलेलं भोक पाइपापेक्षा मोठं असतं. ती फट वाळू-सिमेंटने भरली तर माल आकसून पाइपाभोवती गोल चीर पडते. तिथे न आकसणारं ग्राउट भरायचं आणि कोटिंग थेट ट्रॅपच्या तोंडाच्या आत उतरवायचं. मग जमीन आणि भिंतीच्या कोपऱ्यात सगळीकडे वाटा काढून घ्यायचा, म्हणजे सिमेंटची गोलाई. काटकोनात पापुद्रा ताणून फाटतो, गोलाईवर नीट बसतो. वाट्यावर आणि ट्रॅपभोवती पहिला हात ओला असतानाच फायबरची जाळी दाबून बसवायची.

जमिनीचा पृष्ठभाग पाणी मारून दमट करायचा, पण पाणी साचलेलं नको. पावडर थोडी-थोडी पॉलिमरमध्ये सोडत घोटायची, गुठळी राहू द्यायची नाही. कालवलेलं मिश्रण अर्ध्या-पाऊण तासात संपवायचं. घट्ट व्हायला लागल्यावर त्यात पाणी घालून पुन्हा पातळ करणारे कारागीर मी पाहिलेत. तसं केलं की पॉलिमरची ताकद जाते. पहिला हात एका दिशेने मारला, तर तो सुकल्यावर दुसरा त्याला आडवा मारायचा. भिंतीवर चहूबाजूंनी किमान एक फूट, आणि जिथे शॉवरचं पाणी थेट आपटतं त्या भिंतींवर शॉवरच्या उंचीपर्यंत. दाराचा उंबरठा विसरू नका. ग्रॅनाइटची पट्टी बसवण्याआधी कोटिंग तिच्या खालून गेलं पाहिजे. नाहीतर बाथरूम कोरडं राहील आणि बाहेरच्या पॅसेजच्या टाइल्सखाली ओल सरकेल.

आपल्याकडे बऱ्याच जुन्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला असतो, ज्याला साइटवर संकन म्हणतात. त्यात पाइप टाकून वर विटांचे तुकडे किंवा डबर भरलेलं असतं. वरच्या टाइल्समधून झिरपलेलं पाणी त्या भरावात साठत जातं. वापर बंद ठेवला तरी खाली महिनाभर थेंब पडत राहतात ते यामुळेच. भरावातली ओल सळईपर्यंत पोहोचली की सळई गंजते, गंज फुगतो आणि खालच्या छताचं काँक्रीट खपल्यांनी सुटायला लागतं. संकन असेल तर कोटिंग दोनदा लागतं: एकदा संकनच्या तळाला आणि बाजूंना, आणि भराव-कोबा झाल्यावर पुन्हा वरच्या थरावर. तळातून एक छोटा पाइप बाहेर किंवा डक्टमध्ये काढून ठेवावा. चुकून पाणी उतरलंच, तर ते साठणार नाही आणि गळती सुरू झाल्याचं आधीच कळेल.

ढाळ कोब्यालाच द्यायचा, टाइल्स वर-खाली करून नव्हे. शॉवरच्या भागात दर मीटरला दीड-दोन सेंटिमीटर उतार ट्रॅपकडे असला की पाणी रेंगाळत नाही. टाइल्सच्या सांध्यात भरतात ते ग्राउट पाणी अडवत नाही. सिमेंटचं ग्राउट पाणी शोषतं. इपॉक्सी बरंच कमी शोषतं, पण त्याच्या भरवशावर खालचं कोटिंग गाळायचं नाही.

कोटिंग झाल्यावरची चाचणी सगळ्यांत महत्त्वाची, आणि घाईत सर्वाधिक टाळली जाते तीही हीच. कोटिंग पूर्ण सुकू द्यायचं, त्याला किती दिवस लागतात ते डब्यावर दिलेलं असतं. मग ट्रॅप घट्ट बुजवायचा, दाराशी विटांचा छोटा बांध घालायचा आणि दोन-तीन इंच पाणी भरायचं. भिंतीवर पाण्याच्या पातळीला पेन्सिलीने रेघ मारायची आणि 48 तास तसंच सोडायचं. एखादा मिलिमीटर कमी झालं तर ते वाफेने उडालेलं असतं. रेघ बोटभर उघडी पडली तर टाइल्स लावायच्या नाहीत. या दोन दिवसांत खालच्या घरात स्वतः जाऊन छत पाहून या. "काही नाही हो" असं फोनवर ऐकून समाधान मानू नका. त्यांच्या घरचं नुकसान टळतंय, त्यामुळे दार आनंदाने उघडलं जातं.

नाशिकच्या हवेचाही हिशेब ठेवावा लागतो. डिसेंबर-जानेवारीत थंडी चांगली पडते आणि कोटिंग सुकायला जास्त वेळ घेतं. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतच ओल असते, तेव्हाही तसंच. डब्यावर दोन हातांमधले जे तास दिलेत त्यांत भर घालायची. मार्च ते मे हा या कामाला सोयीचा काळ, फक्त उन्हाळ्यात कोबा झटपट सुकून तडकतो, म्हणून तराई, म्हणजे कोब्यावर पाणी मारत राहणं, कमी पडू द्यायची नाही.

तयार शॉवर ट्रे हल्ली इथल्या दुकानांतही दिसतात, ॲक्रिलिकचे. ट्रेच्या मधून पाणी जात नाही हे खरं, पण ट्रे आणि भिंतीच्या सांध्यातून आणि खालच्या वेस्टच्या (पाणी जाण्याच्या पाइपाच्या) जोडातून जातं. त्यामुळे ट्रे बसवला तरी खाली कोटिंग हवंच. ट्रे खाली पोकळ ठेवू नका, पाय पडताच तो दबतो आणि कडेचं सिलिकॉन सुटतं.

काचेचं पार्टिशन लावणाऱ्यांकडे मात्र डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. सगळं काम उत्तम झालेलं असतं आणि शेवटच्या दिवशी काचवाला चॅनेल बसवायला ड्रिल घेऊन जमिनीला चार भोकं पाडतो. त्यातलं प्रत्येक भोक कोटिंग फोडून जातं. शॉवरच्या कडेला ग्रॅनाइटची उभी पट्टी आधीच घ्यायची आणि चॅनेल त्यावर सिलिकॉनने चिकटवायचा. कमोडचे बोल्ट जमिनीत जात असतील, तर त्यांची भोकं बोल्ट बसवताना सिलिकॉनने भरून घ्यायची.

जुन्या बाथरूमला ओल आली असेल, तर टाइल्स फोडण्याआधी कारण कोणतं ते पाहा. बाथरूम दोन दिवस बंद ठेवूनही खाली थेंब पडण्याचा वेग तोच राहिला तर संशय पाण्याच्या लाइनवर घ्या. व्हॉल्व्ह बंद करून पुन्हा पाहा, तरीही थेंब पडत राहिले तर ते भरावात साठलेलं पाणी असू शकतं. शॉवर चालू असताना किंवा आंघोळीनंतर काही वेळाने वाढत असेल तर जमीन किंवा ट्रॅप. ट्रॅपभोवतीच असेल तर कधीकधी तेवढाच भाग उघडून काम होतं. सांधे खरवडून इपॉक्सी भरल्यानेही काही काळ आराम पडतो. पण भराव पाण्याने भरलेला असेल तर तो उपसून, वाळवून, तळापासून कोटिंग करण्याला पर्याय नाही, आणि त्यासाठी आठ-पंधरा दिवस बाथरूम बंद ठेवायची तयारी घरातल्या सगळ्यांनी आधीच केलेली बरी.