कान उघडले, पण वाचले का?

सोयाबीनच्या हंगामात दिवसभर मळणीच्या हडंब्यावर उभ्या राहिलेल्या माणसाचे कान संध्याकाळी दडे बसल्यासारखे होतात, आत सूं वाजत राहतं. एक-दोन दिवसांत कान उघडतात. लग्नाच्या वरातीत डीजेपुढे नाचणाऱ्यांचंही तसंच. कान उघडले म्हणजे काही बिघडलं नाही, असा आपला हिशेब. हा हिशेब चुकीचा असू शकतो, हे उंदरांमुळे कळलं.

माणसाच्या बाबतीत ते कळणं अवघडच होतं. ऐकण्याचा अवयव, म्हणजे कॉक्लिया, कवटीच्या अत्यंत कठीण हाडात दडलेला असतो. जिवंतपणी त्याचा तुकडा तपासायला काढावा तर ऐकणंच जाईल. एका कानात आवाज टिपणाऱ्या साधारण १५,००० केसपेशी असतात आणि मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. (कोंबडीत उगवते, झेब्रा माशातही; त्यामुळे त्या दोघांवर वेगळं संशोधन चालतं.)

उंदराला ऐकू येतं का, हे विचारता येत नाही. त्याला भूल देऊन कातडीखाली बारीक सुयांचे तीन इलेक्ट्रोड बसवतात: डोक्याच्या माथ्यावर, कानामागे आणि एक अंगावर दूर. आवाजाचा छोटा ठोका शेकडो वेळा वाजवून मेंदूकडून येणाऱ्या लहरींची सरासरी काढतात, कारण एकटी लहर इतर विद्युत गोंगाटात सापडत नाही. मग आवाज पाच-पाच डेसिबलनं उतरवायचा. लहर जिथे शेवटची दिसते, ती त्याची ऐकण्याची पातळी. यात हमखास चूक होते ती तापमानाची. भूल दिलेला उंदीर झपाट्यानं गार पडतो, लहरी उशिरा येतात आणि चांगला ऐकणारा उंदीर बहिरा ठरतो. म्हणून अंगाखाली गरम पॅड ठेवून शरीर ३७ अंशांच्या आसपास राखतात.

जातही पाहावी लागते. प्रयोगशाळेत सर्रास वापरला जाणारा काळा 'सी५७ ब्लॅक ६' उंदीर जनुकातल्या दोषामुळे तरुणपणीच बहिरा होऊ लागतो. गोंगाटाच्या प्रयोगात तो घेतला तर नुकसान आवाजाचं की वयाचं, सांगता येणार नाही. 'सीबीए' जातीचा उंदीर म्हातारपणापर्यंत बऱ्यापैकी ऐकतो.

२००९ मध्ये अमेरिकेत शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन या संशोधकांनी अशाच उंदरांना १०० डेसिबलचा आवाज दोन तास ऐकवला. काही आठवड्यांत ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली, केसपेशीही शाबूत. पण केसपेशी आणि श्रवणमज्जातंतू यांच्यातले जोड मोजले, तेव्हा उंच स्वर टिपणाऱ्या भागात जवळपास निम्मे कायमचे तुटलेले निघाले. हलका आवाज ऐकायला उरलेले जोड पुरतात, म्हणून साध्या चाचणीत हे नुकसान दिसत नाही. गलक्यात बोलणं न कळण्यामागे हेच असावं, असा अंदाज आहे. माणसात त्याचा वाटा किती, यावर संशोधकांचा वाद चालू आहे.

उंदराचे आकडे आपल्याला जसेच्या तसे लावू नयेत. त्याला ८० किलोहर्ट्‌झपर्यंतचं ऐकू येतं, आपल्या बोलण्याच्या खालच्या पट्टीतलं मात्र कमी. खालच्या स्वरांसाठी जर्बिल किंवा चिंचिला हे उंदरासारखेच कुरतडणारे प्राणी बरे पडतात.

माणसासाठी वापरला जाणारा सावध नियम असा: ८५ डेसिबलला आठ तास, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. कापसाचा बोळा फारसं काही अडवत नाही. फोमचा प्लग स्वच्छ हातांनी वळून बारीक करा, दुसऱ्या हातानं कान वर-मागे ओढून आत सारा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटानं दाबून धरा. अर्धवट बसलेला प्लग जवळजवळ निरुपयोगी असतो.