पाइपलाइनच्या कामावर अंगावर वस्तू पडून इजा झाली, तर भरपाई कशी मागायची

हायड्रा क्रेनचा पट्टा सुटतो आणि पाइप खाली येतो, चराच्या काठावरचा दगड घसरतो, वरच्याच्या हातातून पाना निसटतो. मार खातो तो चरातला माणूस. मग ठेकेदार दवाखान्याचं बिल भरतो आणि ‘काही तक्रार नाही’ म्हणून सही मागतो. ही सही देऊ नका. आधीच दिली असेल तरी घाबरू नका, अशा कागदानं हक्क संपत नाही. उपचाराचा खर्च मालकानं द्यायचाच असतो, भरपाई त्याहून वेगळी.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली, पण मूळ नियम तेच आहेत. कामामुळं झालेल्या इजेनं तीन दिवसांपेक्षा जास्त काळ काम करता आलं नाही, तर रोजंदारीवाल्यालाही हक्क आहे. उपठेकेदार हात वर करत असेल तर मुख्य कंपनीकडं मागता येतं. मृत्यू झाल्यास अवलंबून असलेले घरचे अर्ज करतात. पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल तर मात्र दावा ईएसआयकडंच करायचा.

‘हेल्मेट घातलं नव्हतं’ हे उत्तर हमखास येतं. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल, तर ते चालत नाही.

कागदांत सगळ्यात मोलाची पहिल्या दिवसाची नोंद. ‘पडलो’ एवढंच सांगू नका. कुठल्या साइटवर, काय अंगावर पडलं, हे डॉक्टरांना लिहायला लावा. कर्नाटकात पोलिसांतला जबाब कन्नडमध्ये असतो, तो समजावून घेतल्याशिवाय अंगठा नको. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. शिवाय डिस्चार्ज कार्ड, बिलं, अपंगत्वाचा दाखला, आधार, वयाचा पुरावा आणि पगाराचा पुरावा लागतो. हजेरी कार्ड नसेल तर पासबुक, फोनवर आलेले पैसे, सोबत्यांची साक्ष.

अर्जाची मुदत दोन वर्षं. अपघात जिथं झाला तिथं किंवा आपण राहतो तिथं अर्ज करता येतो. म्हणजे महाराष्ट्रातल्या चंदगडच्या साइटवर जखमी झालेला बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचा माणूस बेळगावातच दावा लावू शकतो. अर्ज नेमका कुणाकडं द्यायचा, ते कामगार खात्याच्या जिल्हा कार्यालयात विचारा.

हिशेब असा: वय ३०, पगार १२,०००. पगाराचे ६० टक्के ७,२००, त्याला कायद्याच्या तक्त्यातल्या वयाच्या गुणकानं, २०७.९८ नं, गुणायचं. कमाईची ताकद २० टक्के घटली असेल, तर त्याचे २० टक्के, सुमारे २,९९,४९१ रुपये. महिन्याभरात दिले नाहीत तर वर वर्षाला १२ टक्के व्याज.

वकिलाला द्यायला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं मोफत वकिलासाठी अर्ज करा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग व्यक्तींना उत्पन्नाची अट नाही.